ठिपका चार बोटं सरकला

मित्रांनो, मी एक जुनी डॉट साइट आहे, आणि मी रागावलेली आहे. आपली जन्मकथा सांगणाऱ्या वस्तू सहसा गरीब स्वभावाच्या असतात. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची उसासे टाकते आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळी होते. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मी अजून कुणालाही क्षमा केलेली नाही, आणि त्यात मी स्वतःही आले.

डॉट साइट म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही कुठल्या बांधकामावरची. नेम धरायच्या साधनावर, मग ती बंदूक असो की दुर्बीण, बसवायचं मी एक भिंग आहे. मुठीत मावेन एवढीच. माझ्यातून बघितलंत की समोरचं सगळं जसंच्या तसं दिसतं, फक्त त्यात एक लाल ठिपका असतो. ठिपका जिथे, नेम तिथे. सिनेमात दाखवतात तशी लाल रेष माझ्यातून बाहेर जात नाही. तो ठिपका फक्त बघणाऱ्याच्या डोळ्याला दिसतो, समोरच्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे माझं काम एकच, बघणाऱ्याला खरं सांगणं. तेवढंही मला नीट करू दिलं नाही, म्हणून हा राग.

मला जिने घडवलं तिला कारखान्यात सगळे भिंगबाई म्हणत. तिचं टेबल खिडकीपासून लांब, कोपऱ्यात होतं, कारण तिला उन्हाची तिरीप चालायची नाही. तिने दोन वक्र काचा एकमेकींना चिकटवून एक भिंग केलं आणि त्या दोघींच्या मधे एक पातळ लेप दिला. हा लेप लाल उजेड तेवढा परत फिरवतो, बाकी सगळा आरपार जाऊ देतो. माझ्या पोटाशी मोहरीहून लहान दिवा आहे. तो भिंगावर उजेड फेकतो, भिंग तो बघणाऱ्याकडे परत पाठवतं, आणि परत येताना सगळे किरण एकमेकांना धरून, अगदी समांतर येतात. त्यामुळे ठिपका माझ्या काचेवर चिकटलेला दिसत नाही, लांब समोर असल्यासारखा दिसतो. तुम्ही डोळा जरा इकडे नेलात, जरा तिकडे नेलात, तरी तो आपल्या जागेवरून हलत नाही.

पण हे केव्हा, तर दिवा नेमक्या जागी बसला तर. तो नखाच्या जाडीएवढा जरी पुढे आला, तरी किरण समांतर राहत नाहीत, आणि तुमचा डोळा सरकला की ठिपकाही सरकतो. एक करून बघा. एक डोळा मिटा, अंगठा समोर धरा, आणि मान हलवा. अंगठा जागच्या जागी असून मागच्या भिंतीवरून चालत गेल्यासारखा दिसेल. अंगठ्याचं ठीक आहे, त्याच्यावर कुणी नेम धरत नाही.

म्हणून भिंगबाई प्रत्येक साइट स्वतः तपासायची. समोरच्या भिंतीवर काळी फुली होती. साइट शिकंज्यात अडकवायची, ठिपका फुलीवर आणायचा, आणि मग मान सावकाश डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. ठिपका फुलीवरून ढळला की दिवा सोडवायचा, केसभर मागे घ्यायचा, परत मान हलवायची. एका साइटला वीस मिनिटं लागत. दिवसभर तिची मान नन्नाचा पाढा वाचत असायची. कामगार हसायचे. म्हणायचे, "बाईंना लग्नात अंतरपाट धरल्यावरसुद्धा मान अशीच हलवायची सवय गेली नसेल." ती पण हसायची आणि पुढची साइट शिकंज्यात घालायची. आमच्या खोक्यावर छापायचं वाक्य तिनेच लिहिलं होतं: डोळा कुठेही ठेवा, ठिपका खरंच सांगेल.

मग मालकांचा मेहुणा कामावर आला. माणूस आळशी नव्हता, हे मला कबूल करावं लागतं. आळशी असता तर बरं झालं असतं. त्याने आठवडाभर बसून एक युक्ती काढली. शिकंज्याच्या मागे एक पत्रा उभा केला आणि त्याला मधोमध एक छोटं भोक पाडलं. त्या भोकाला डोळा लावायचा, ठिपका फुलीवर आहे का बघायचं, आहे तर पास. दोन मिनिटांत काम. त्याचं म्हणणं असं की बाईंची मान हलते म्हणून त्यांना ठिपका हलताना दिसतो. डोळा एका जागी स्थिर ठेवला की तपासणी पक्की होते. मालकांनी त्याची पाठ थोपटली. त्या भोकामागे तो स्वतःच बसू लागला आणि सगळ्यांनी त्याचं नाव पासमास्तर ठेवलं.

भिंगबाई मालकांसमोर उभी राहिली ती मला अजून दिसते. मी तेव्हा अर्धवट जोडलेली, दिवा न बसवलेली, टेबलावरच होते.

"साहेब, त्या भोकातून सगळ्याच साइट पास होतील," ती म्हणाली. "मधोमध डोळा ठेवला की चुकलेली साइटसुद्धा बरोबर दिसते. चूक कळते ती डोळा बाजूला नेल्यावर."

"नेम धरणारा माणूस काय मान वाकडी करून बघतो?" मालक म्हणाले.

"बघतो. पडून बघतो, वाकून बघतो, चष्म्यातून बघतो. म्हणून तर लोक ही साइट घेतात. खोक्यावर आपण तेच छापलंय."

"बाई, तुम्ही भिंग फार सुंदर केलंत. आता त्याला जाऊ द्या बाहेर. मागणी तुंबलीय."

पासमास्तर मधेच नम्रपणे म्हणाला, "ताई, मी तुमच्या कामावर संशय घेत नाहीये. उलट त्याला शिस्त लावतोय."

भिंगबाईने पुढची साइट शिकंज्यात घातली. दुसऱ्या दिवसापासून तिला नव्या नमुन्याच्या कामाला लावलं, वरच्या मजल्यावर. ती जिना चढून गेली आणि मी खाली राहिले.

माझा दिवा बसवला त्या दिवशी दिवे चिकटवणारी मावशी ग्लूच्या बाटलीच्या तळाशी आली होती. तळाचा ग्लू दाट असतो. माझा दिवा त्या दाट थरावर बसला आणि नखाच्या जाडीएवढा पुढे राहिला. मावशीचा काही दोष नाही. तिच्या आयुष्यात असे कितीतरी दिवे पुढेमागे बसले होते आणि भिंगबाईने ते सगळे सरळ केले होते. मी मात्र भोकासमोर गेले. पासमास्तरने डोळा लावला, ठिपका फुलीवर दिसला, आणि माझ्या कपाळावर हिरवं लेबल बसलं. मग मला त्याच खोक्यात घातलं. वर तेच वाक्य. डोळा कुठेही ठेवा. मित्रांनो, तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या खोक्यात कळलं. खोटारडी म्हणून जन्माला घातलं असतं तर मी काही बोलले नसते. पण खोटारडी करून वर कपाळाला खरेपणाचं लेबल लावायचं, ही कुठली रीत?

मी एका प्राणिसंग्रहालयात पोहोचले. तिथे मला गुंगीच्या बंदुकीवर बसवलं. ही बंदूक गोळी मारत नाही, औषध भरलेली सुई मारते. आजारी जनावराला झोपवायचं आणि मग उपचार करायचे, यासाठी ती. ती चालवायची तिथली डॉक्टरीणबाई. जाड चष्मा, अंगाने किडकिडीत, बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण हात असा स्थिर की भरलेला कप घेऊन जिना उतरली तरी बशीत थेंब पडायचा नाही. आणि माझी देखभाल करायचे राखणदार काका. ते लांडग्यांच्या आवाराचे राखणदार, तीस वर्षांची नोकरी. रोज मऊ फडक्याने माझी काच पुसायचे आणि म्हणायचे, "आमची पोरगी डोळस आहे हो."

दोन वर्षं माझी वाहवा झाली. एका झेब्र्याचा खूर बरा झाला, एका माकडिणीच्या हातातली तार निघाली. दर वेळी डॉक्टरीणबाई उभी राहून, बंदुकीला गाल टेकवून नेम धरायची. डोळा आपोआप माझ्या मधोमध यायचा, आणि मधोमध मी खरी होते. सगळे माझं कौतुक करायचे आणि मी आतल्या आत जळायचे. आज ना उद्या कुणीतरी बाजूने बघणार, हे मला माहीत होतं. सांगणार कुणाला? मला ठिपका आहे, तोंड नाही.

त्या आवारात एक म्हातारी लांडगी होती. सगळे तिला आजीबाई म्हणत. तिची आई ती आठ दिवसांची असताना मेली, तेव्हा काकांनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवली होती. म्हातारपणी तिची दाढ किडली. जबडा सुजून एका बाजूला टम्म फुगला, आणि तिने सहा दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. दाढ काढली तर जगेल, नाहीतर उपाशी मरेल, एवढं सरळ होतं. दाढ काढायची तर तिला झोपवायला हवं. पण ती दुखण्याने दगडी घळीत जाऊन बसली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. घळीच्या मागच्या भिंतीत जमिनीलगत एक खिडकी होती, खाणं सरकवायची, वीतभर उंचीची.

डॉक्टरीणबाई त्या खिडकीसमोर पोटावर पडली. बंदूक खिडकीतून आत घातली. हनुवटी फरशीला अडली, चष्मा बंदुकीच्या दांड्याला लागला, मान काही वर येईना. तिचा डोळा माझ्या काचेच्या पार खालच्या कडेला होता. तिने एकदा विचारलं, "काका, अशी कडेने बघितली तर चालेल ना ही?"

"खोक्यावर लिहिलंय की, डोळा कुठेही ठेवा," काका म्हणाले.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. ठिपका तिला आजीबाईच्या मांडीवर, भरदार जागी दिसत होता. खरा नेम मांडीवर नव्हता. पंधरा पावलांवर चार बोटं खाली, पोटावर होता. मला ते कळत होतं आणि मी तिला मांडीच दाखवत होते. तिने घोडा ओढला.

सुई पोटात रुतली. औषध अर्धंमुर्धं गेलं. आजीबाई किंचाळली, झोकांड्या खात उठली, सुई दातांनी उपटून काढली आणि घळीत आणखी आत गेली. सुजलेल्या जबड्याने ती सुई तिने कशी ओढली असेल, याचा विचार करा. काका भिंतीला हात लावून उभे होते. म्हणाले, "बाई, मांडी म्हणाला होतात." आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अधीक्षकांनी डॉक्टरीणबाईला खोलीत बोलावलं. ती म्हणाली की आपण मांडीवरच नेम धरला होता, साधन एकदा तपासून घ्यावं. अधीक्षक चहाचा घोट घेत म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." मग त्यांनी लेखी हुकूम दिला. डॉक्टरांचा हात आता स्थिर राहिलेला नाही, त्यांनी बंदुकीला हात लावू नये, बाहेरून नेमबाज मागवला आहे, तो पाच दिवसांनी येईल. पाच दिवस. सात दिवस उपाशी असलेली, पोटात जखम झालेली म्हातारी लांडगी पाच दिवस कुठली काढते?

मित्रांनो, ती म्हण म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला एकदा हलवून विचारायचंय. बाबांनो, कधीतरी अंगणही वाकडं असतं. जाऊन बघितलंत का? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तुम्हाला एवढी घाई का असते?

आणि सगळ्यात वाईट काय झालं, तर डॉक्टरीणबाईला ते खरं वाटू लागलं. मला ठेवलं होतं त्या औषधांच्या खोलीत येऊन तिने एक पेला काठोकाठ भरला, हात लांब केला, आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. पाणी हललं नाही. तिने दुसऱ्या हाताने करून बघितलं. तरी हललं नाही. मग तिने पेला ठेवला आणि स्टुलावर बसून चष्मा काढून डोळे पुसले. मला त्या वेळी स्वतःच्या दोन्ही काचा फोडून घ्याव्याशा वाटल्या.

तेवढ्यात काका आत आले. तिच्याकडे न बघताच त्यांनी फडकं घेतलं. लांडगी मरायला टेकलेली असो की डॉक्टरवर राग असो, माझी काच पुसायची वेळ झाली होती. बंदूक टेबलावरच्या घोडीत घट्ट बसवलेली होती. एरवी पुसताना मी विझलेलीच असायचे, पण त्या दिवशी काच नीट दिसावी म्हणून त्यांनी माझा दिवा लावला आणि वाकून बघितलं. ठिपका समोरच्या दाराच्या कडीवर होता. डाग राहिला का बघायला ते बाजूला झुकले. ठिपका कडीवरून निघाला आणि बिजागरीकडे चालू लागला.

काका थांबले. परत मधे आले, ठिपका कडीवर. बाजूला झुकले, ठिपका निघाला. त्यांनी बंदूक हलवून बघितली, ती जागची हलत नव्हती. मग त्यांनी तेच केलं जे मी दोन वर्षं कुणीतरी करावं म्हणून तळमळत होते. त्यांनी मान हलवली. सावकाश, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली.

"बाई, इकडे या," ते म्हणाले. "बसा इथे. हात मांडीवर ठेवा, कशाला लावू नका. आता नुसती मान हलवा."

ती बसली. तिने मान हलवली. एकदा, दोनदा, तीनदा. मग ती इतक्या हळू आवाजात बोलली की मलाही जेमतेम ऐकू आलं. "म्हणजे माझा हात नव्हता."

"नव्हता," काका म्हणाले. "मी तुम्हाला बोललो ते मागे घेतो. पण ते नंतर. आधी आजीबाई."

खोक्यावर कारखान्याचा फोन नंबर होता. लावला, तर पहिल्यांदा पासमास्तरनेच उचलला आणि साइट पास झालेली आहे, असं तीनदा सांगितलं. डॉक्टरीणबाईने तोडून टाकल्यासारखं विचारलं, "ही ज्यांनी बनवली त्यांना द्या." बऱ्याच वेळाने भिंगबाईचा आवाज आला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दिवा पुढे बसलाय. तो आत्ता तुमच्याकडे दुरुस्त होणार नाही. पण ती मधोमध खरी आहे. डोळ्याकडच्या बाजूला कागद चिकटवा, बरोबर मधे छोटं भोक पाडा, आणि त्यातूनच बघा. भोकातून दिसलं नाही तर घोडा ओढू नका."

भोक. ज्या भोकाने मला खोटी असूनही पास केलं होतं, तेच आता माझ्या डोळ्यावर चिकटवायचं. मी रागाने लाल झाले, म्हणजे होतेच. पण या वेळी भोक असल्याचं सगळ्यांना माहीत होतं, आणि फरक तेवढाच असतो.

अधीक्षकांची परवानगी हवी होती. काकांनी त्यांना काही समजावून सांगितलं नाही. टेबलाशी आणून बसवलं आणि म्हणाले, "साहेब, मान हलवा." साहेबांनी हलवली, खोकले, आणि हुकूम परत घेतला. माफी मागितली नाही. तेही मी लक्षात ठेवलंय.

पण वीतभर उंचीच्या त्या खिडकीपाशी डॉक्टरीणबाईचा डोळा माझ्या मधोमध येणार कसा? काकांनी फावडं आणि पहार आणली. भिंतीलगतच्या दोन फरश्या उखडल्या आणि खाली खणायला सुरुवात केली. त्यांचं वय अठ्ठावन्न. दोघे जण मदतीला आले, त्यांना म्हणाले, "तुम्ही माती उचला, खणतो मी." दुपार होईपर्यंत कमरेएवढा खड्डा झाला. डॉक्टरीणबाई त्यात उतरली, बंदुकीला गाल टेकवला, आणि कागदाच्या भोकातून बघितलं. आजीबाई आत कुशीवर पडून होती, बरगड्या वरखाली होत होत्या. ठिपका मांडीवर आला. मी खरं सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला खात्री होती की मी खरं सांगतेय आणि ऐकणारीलाही ते माहीत आहे.

सुई मांडीत बसली. आजीबाईने मान वळवून बघितलं आणि डोकं पंजांवर ठेवलं. दाढ निघाली, पोटाची जखम धुऊन शिवली. तिने खाल्लं ते तिसऱ्या दिवशी, खिमा, काकांनी लांब पळीने सरकवलेला. काका खिडकीपाशी त्या खड्ड्यातच बसून होते. पुढे ती दीड वर्ष जगली, पोटावरच्या व्रणासकट.

मला परत कारखान्यात पाठवलं. मालकांनी मला हातात घेतलं आणि म्हणाले, "एखादी निघते अशी. दिवा सरळ करा आणि देऊन टाका." पासमास्तर पेचकस घेऊन पुढे झाला. भिंगबाई वरच्या मजल्यावरून खाली आली होती. ती म्हणाली, "हिला हात लावायचा नाही. आधी इथे बसा दोघं. मान हलवा." मालकांनी हलवली. मग पासमास्तर बसला. त्याने आधी भोकातून बघितलं, मग पत्रा बाजूला करून मान हलवली. तो बराच वेळ हलवत राहिला. मग उठला, पत्रा शिकंज्यामागून काढला आणि भिंतीशी उभा करून ठेवला. म्हणाला, "ताई, मला खरंच वाटलं होतं स्थिर डोळा म्हणजे खरा डोळा." भिंगबाई म्हणाली, "माहीत आहे." ती त्याच्यावर रागावली नाही. ते काम मी करते.

त्या भोकातून चारशे जणी बाहेर गेल्या होत्या. ज्यांनी ज्यांनी घेतल्या त्या प्रत्येकाला पत्र पाठवायला भिंगबाईने मालकांना लावलं. तीनशे एकोणसत्तर परत आल्या. त्यांतल्या दर तिघींमधली एक माझ्यासारखी होती. त्या सगळ्या सरळ होऊन गेल्या. मी तशीच आहे, दिवा पुढे आलेला, शिकंज्यात अडकवलेली. नवा माणूस कामावर आला की पहिल्या दिवशी त्याला माझ्यासमोर बसवतात. तो बघतो आणि म्हणतो, बरोबर आहे की. मग भिंगबाई म्हणते, आता मान हलव. ठिपका चालायला लागला की त्याचा चेहरा उतरतो. एवढ्यासाठी मी अशी राहिले, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते एकतीस जणींचं. त्या परत आल्या नाहीत, आणि त्यांतल्या दहाएक तरी माझ्यासारख्याच असणार. कुठे कुठे असतील, कुणाच्या कपाटात, कुणाच्या बंदुकीवर, कपाळावर हिरवं लेबल लावून. मधून बघणाऱ्याला खरं सांगत असतील, आणि कुणीतरी कधीतरी कडेने बघेल. मित्रांनो, माझी काच पुसा, दिवा विझवून ठेवा, असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच करा. तुमच्या ओळखीत कुणी नीट काम करणारी व्यक्ती, बाई असो की बाप्या, भरलेला पेला हातात धरून पाणी हलतंय का बघताना दिसली, तर तिला तसं उभं राहू देऊ नका. तिला तिच्या साधनासमोर बसवा, हात मांडीवर ठेवायला सांगा, आणि म्हणा, आधी मान हलवून बघ.